साडेपाचशेची तूट

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात मी २२ वर्षं दिवाणजी आहे. किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आले, वजन किती भरलं, कुणाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, निघाली, सगळं माझ्या वहीत. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय मी घरी जात नाही. त्यामुळं आहारतज्ज्ञ मॅडमनी माझ्याच खाण्याच्या हिशोबात रोज साडेपाचशे कॅलरीची तूट काढली, तेव्हा मला रक्तातल्या साखरेपेक्षा तीच जास्त लागली.

साखर उपाशीपोटी ११४ आली होती, आणि तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी ६.१. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, मॅडमच्या नावानं चिठ्ठी दिली.

मॅडम माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. आधी मोजमापं झाली. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८१ किलो, कंबर ९८. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २८. मी म्हटलं, तीसच्या आत आहे की! त्या म्हणाल्या, "काका, आपल्या लोकांना तेवीसच्या वर जादा वजन धरतात आणि पंचवीसपासून लठ्ठपणा. पोटाची चरबी आपल्यात लवकर साठते. कंबर पुरुषाची नव्वदच्या आत पाहिजे."

मग म्हणाल्या, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं ते सांगा. मी सांगत गेलो, त्यांनी मध्ये तोंड उघडलं नाही. दुसऱ्या फेरीत वेळेवार विचारलं. तिसऱ्या फेरीत टेबलावर तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या, चमचे आणि भाकरीच्या आकाराचे कापलेले कागद मांडले. आमटी ह्यातली कुठली वाटी? भाकरी एवढी का तेवढी? याला चोवीस तासांची आठवण म्हणतात. एका दिवसावरून माणूस कळत नाही, म्हणून घरी तीन दिवसांची डायरीही लिहायची होती. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार.

रविवार सोडा म्हणून बघितलं. कोल्हापुरात रविवारी काय असतं ते त्यांनाही ठाऊक होतं. डायरी बघताना विचारलं, "रस्सा किती वाट्या?" मी म्हटलं, "मॅडम, रस्सा कोण मोजतं?" त्या हसल्या, पण पेन खाली ठेवला नाही. तांबडा-पांढरा मिळून सहा वाट्यांवर तडजोड झाली. शिजलेल्या रश्श्याचा आकडा त्यांच्या पुस्तकात नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेल्या त्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत, पण बहुतेक कच्चे. म्हणून पांढऱ्या रश्श्यात ओलं खोबरं किती, काजू, तीळ, खसखस किती, हे बायकोला विचारून लिहावं लागलं. रंगाला भिऊन मी आजवर तांबडा हात राखून घेत होतो आणि पांढरा भुरकत होतो. नारळाच्या दुधाची चरबी काही लाल दिसत नाही. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, चरबी ९.

तीन दिवसांची सरासरी निघाली १७५०. मी खूश. मग त्यांनी खर्चाची बाजू मांडली. नुसतं पडून राहिलो तरी श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांवर माझ्या वजना-वयाला सुमारे १६५० कॅलरी जातात. बैठं काम आणि सकाळची रंकाळा तलावाची फेरी धरून त्याला १.४ नं गुणायचं. झाले २३००.

"वजन किती दिवस एवढंच आहे?"

"तीन वर्षं झाली."

"मग जमा आणि खर्च सारखा असला पाहिजे ना? १७५० जमा नि २३०० खर्च असतं, तर एव्हाना तुम्ही वाळून गेला असता."

दिवाणजीला हे शिकवावं लागलं. उगाच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात वही खिशात ठेवून तूट शोधायला लागलो.

पहिली दुकानातच सापडली. सौद्याच्या वेळी रव्याचा टवका काढून चव बघायची ही आमची रीत. ते खाणं आहे हे डोक्यात कधी आलंच नाही. दिवसभराचे टवके काट्यावर टाकले, तीस ग्रॅम भरले. जवळजवळ सगळी साखरच ती, सव्वाशेच्या आतबाहेर कॅलरी. मग चहा. मी दोन लिहिले होते, होतात पाच. आलेल्या शेतकऱ्याबरोबर घेतला तो त्याचा चहा, माझा कसला, असा आपला हिशोब. म्हशीचं दूध आणि साखर धरून एकेक पासष्ट-सत्तरचा. त्यात येता-जाता चार शेंगदाणे.

तेलाची तूट मॅडमनी एका प्रश्नात काढली. महिन्याला घरात तेल किती येतं? चार लिटर, माणसं चार. म्हणजे माणशी रोज तीस ग्रॅम. मी लिहिलेलं दोन चमचे, दहा ग्रॅम. एकट्या फोडणीत १८० कॅलरी बुडाल्या होत्या. सगळं मिळून पाचशेच्या जवळ गेलो. उरलेले पन्नास सापडेनात म्हणून मी अस्वस्थ, तर त्या म्हणाल्या, सोडा, खर्चाचा आकडाच मुळात शेकड्याला दहा इकडं-तिकडं असतो. आमच्या धंद्यात असा खर्च मांडला तर मालक दारात उभं करणार नाही.

तेलाच्या हिशोबावर त्यांनी अजून एक विचारलं. "चौघं सारखंच खाता का?" बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, "मी मागनं जेवते. उरेल ते." मॅडमनी ते कोपऱ्यात टिपून ठेवलं. माझं लक्ष पन्नास कॅलरीत.

मला रोज चारशे कमी करायला सांगितलं. टवका चाखून थुंकायचा, तीन चहा बिनसाखरेचे, घरात तेल तीन लिटर, रात्रीचा भात निम्मा. फेरीनंतरची मिसळ महिन्यातून एकदा, कारण फेरीत दीडशे-पावणेदोनशे जळतात आणि कटाची दुसरी वाटी मागितली की संपलं. प्रथिनं मात्र वाढवायची होती. वजनी किलोला ०.८३ ग्रॅम धरतात. माझ्या उंचीला शोभेल त्या वजनावर चोपन्न तरी हवीत, माझी ४६ भरत होती. मटण बुधवार-रविवार, बाकी दिवस भाकरी नि पातळ आमटी. आता उसळ, दही, अंडी आली.

एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, म्हणून महिन्याला दीड किलो असं मी वहीत आधीच मांडून ठेवलं. पहिल्या महिन्यात २.१ उतरलं, मी दुकानात पेढे वाटणार होतो. मॅडम म्हणाल्या, त्यात पाणी आहे. शरीर साठवलेली साखर पाण्यासकट धरून ठेवतं, ती आधी निघते. पुढं एक किलो, मग सातशे ग्रॅम, मग चारशे. वजन उतरलं की खर्चही उतरतो, आणि खरं सांगायचं तर शेंगदाणेही परत आले होते. चार महिन्यांनी ७६.८, साखर १०१.

त्याच वेळी मॅडमनी बायकोचं रक्त तपासून आणायला लावलं. हिमोग्लोबिन ९.८. बाईला बाराच्या खाली ॲनिमिया. माझ्या तेलाचा भागाकार चारानं केला होता तो चुकीचाच होता म्हणायचा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणावरचा चहा तासभर लांबला कारण तो लोह शोषू देत नाही, आणि तिलाही तीन दिवसांची डायरी दिली.

तिनं पहिल्या दिवसाच्या रात्रीच्या जेवणासमोर एकच शब्द लिहिला होता, "उरलेलं".

मॅडमनी विचारलं, "काकू, किती ग्रॅम?"