गुऱ्हाळाच्या चुलवाणावर लाईट पेटवली, माझा अनुभव

आमच्या मामांचं गुऱ्हाळ आहे, कोल्हापूरजवळ. हंगामात रात्री लाईट गेली की चरक थांबतो, पण काहीलीत उकळणारा रस काही थांबत नाही, आणि आदण (काहीलीत एका वेळी शिजणारा रस) उतरायच्या वेळी गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याला, रंग बघायला लागतो, पाण्यात थेंब टाकून गोळी झाली का बघायला लागतं, ते सगळं मोबाईलच्या टॉर्चवर चालायचं. शेजारी चुलवाण (काहीलीखालची भट्टी) धगधगतंय आणि आपण अंधारात, हे मला बघवत नव्हतं म्हणून चुलवाणाच्या उष्णतेवर वीज करून दिवा लावायचा, हाच विषय डिप्लोमाच्या प्रोजेक्टला घेतला.

थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल म्हणजे चार सेंटीमीटरची चौकोनी पांढरी वडी, आत बिस्मथ टेल्युराईड या बिस्मथ धातूच्या संयुगाच्या बारीक तुकड्यांच्या १२७ जोड्या. एक बाजू गरम, दुसरी गार ठेवली की व्होल्टेज येतं. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाला हे दिसलं तेव्हा होकायंत्राची सुई हलली म्हणून त्याला ते चुंबकत्वच वाटलं होतं, आणि त्याच्या प्रयोगातला बिस्मथ आजही आपल्या वडीत आहे, मला याचं फार अप्रूप वाटतं.

मी स्वस्तातलं म्हणून थंड करायला वापरतात ते याच जातीचं पेल्टियर मॉड्यूल आणलं आणि चुलवाणाच्या तोंडाजवळच ठेवलं. दहा मिनिटांत मेलं. या मॉड्यूलमधलं सोल्डर १३८ अंशाला वितळतं हे मला नंतर कळलं. मग धुराड्याच्या बुडाशी, जिथं भिंत साधारण शंभर अंशावर राहते तिथं ॲल्युमिनियमची पट्टी बसवली आणि त्यावर नवीन मॉड्यूल.

आता खरी अडचण. मागं गार बाजूला कॉम्प्युटरचा जुना हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) लावला होता, सुरुवातीला दीड व्होल्ट दाखवलं, पंधरा मिनिटांत अर्ध्यावर आलं, कारण हीटसिंक पण तापला. मी सगळा वेळ उष्णता कशी मिळवायची याच विचारात होतो आणि उष्णता तर फुकट पडलेली होती, मिळवायचा होता तो गारवा. फरक राहिला तरच वीज, नुसत्या तापण्याला काही किंमत नाही. एका अंशाच्या फरकाला एका मॉड्यूलमधून जेमतेम ०.०५ व्होल्ट मिळतात, त्यामुळं प्रत्येक अंश जपायला लागतो.

म्हणून हीटसिंक काढून ॲल्युमिनियमचा पाण्याचा डबा लावला. तरी आकडा कमीच. दोन दिवस शोधल्यावर सापडलं की डबा आवळायला लावलेले लोखंडी बोल्टच गरम बाजूची उष्णता गार बाजूला नेत होते. फायबरचे वॉशर घातले, थर्मल पेस्ट (दोन पृष्ठभागांमधून उष्णता नीट जावी म्हणून लावतात ती) जाड थापली होती ती पुसून अगदी पातळ केली (जाड लावली की तीच आड येते), मॉड्यूल दोन करून सिरीजमध्ये जोडली. बाहेरून फरक ६० अंश (प्रत्यक्ष मॉड्यूलला त्यापेक्षा कमीच मिळतो), उघड्या वायरींवर, म्हणजे काही न जोडता, ४.१ व्होल्ट. लोड लावला की ते निम्म्यावर येतं आणि यायलाच पाहिजे, जास्तीत जास्त पॉवर तिथंच मिळते: २ व्होल्ट, ०.४ अँपिअर, म्हणजे ०.८ वॉट. बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावून ५ व्होल्ट केले, त्यात थोडं जातं, अर्ध्या वॉटचा एलईडी मात्र छान लागतो. कमी वाटेल, पण फरक एवढाच असला की शंभर वॉट उष्णता आरपार गेली तरी वीज एक-दोन वॉटच मिळते.

एक गोष्ट राहिली होती. आदणाला दोन-अडीच तास लागतात, तोवर डब्यातलं पाणी तापायचं आणि नेमकं गोळी बघायच्या वेळी दिवा मंद व्हायचा. मग वरच्या टाकीतून बारीक नळी आणून पाणी सतत वाहतं ठेवलं, तेच पाणी पुढं चिपाडाच्या ढिगाकडच्या हौदात जातं, वाया जात नाही.

फेब्रुवारीत एका रात्री साडेआठला लाईट गेली. काहील उतरायला आली होती. गुळव्यांनी मोबाईल काढलाच नाही, त्या दिव्याखाली गोळी बघितली आणि आदण वाफ्यात (गूळ गार करायच्या उथळ हौद्यात) ओतलं. मामा म्हणाले, वाफ्यावर पण एक लागंल का रं? त्यासाठी आणखी दोन मॉड्यूल लागतील, ह्या वेळी जास्त तापमान झेपणारी घेणार आहे.