आमची वाटचाल: दुसऱ्या बारची भूक

दोन मिक्सर, एक ओव्हन आणि आम्ही नवरा-बायको, एवढ्यावर मधल्या वेळी खायच्या बारचा (चिक्कीसारख्या वडीचा) धंदा सुरू झाला. पहिला बार म्हणजे मध, खजुराची पेस्ट आणि फुगवलेला तांदूळ. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘साखर घातलेली नाही’. लोक एका वेळी दोन-दोन बार खायचे. चव जमली म्हणून आम्ही खूश, लगेच पुढचा घाणा.

मग नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, “अहो, दहाला खाल्ला की साडेअकराला माझा हात पुन्हा डब्यात. तुम्ही भूक भागवताय की लावताय?”

हिला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने सहा कामगारांना आणि मला दहा वाजता एकेक बार दिला आणि दर अर्ध्या तासाने भुकेला एक ते दहा गुण द्यायला लावले. बारा वाजता माझा आकडा बार खाण्याआधीपेक्षा वर होता! पॅकिंगचा पोरगा मात्र ढिम्म. शरीराशरीरात फरक असतो, हेही त्या वहीतच कळलं.

कारण आमच्याच कृतीत होतं. मध ही शरीराच्या लेखी साखरच. फुगवलेल्या तांदळाच्या पिठूळ भागाचंही झटपट ग्लुकोज होतं. रक्तातली साखर भरभर चढते, इन्सुलिन ती खाली आणतं, आणि काहींच्या बाबतीत ती मूळ पातळीच्याही खाली घसरते. २०२१ मध्ये हजाराहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त घसरली, त्यांना भूकही जास्त लागली आणि दिवसभरात खाणंही जास्त झालं.

हे वाचून मी कर्बोदकांवरच फुली मारायला निघालो होतो. तेवढ्यात सिडनी विद्यापीठातला १९९५ चा तक्ता हाती आला. ३८ पदार्थ, प्रत्येकी २४० कॅलरी, आणि दोन तास पोट किती भरलेलं वाटतं त्याची मोजणी. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३! क्रोसाँला (लोणी घातलेल्या पापुद्र्यांच्या पावाला) अवघे ४७. म्हणजे कर्बोदक कुठल्या रूपात येतं, सोबत पाणी, तंतू (फायबर), प्रथिनं किती, यावर पुष्कळ काही ठरतं.

फुगवलेला तांदूळ गेला, अख्खे ओट्स आणि शेंगदाणे आले. पहिला घाणा इतका कडक झाला की एका कामगाराच्या दाढेचं सिमेंट निघालं. मग चिकोरीच्या मुळाचे तंतू हात सैल सोडून घातले. ते जास्त झाले की पोटात वायू धरतो; त्या आठवड्यात पॅकिंगच्या खोलीत कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. ते प्रमाण निम्म्यावर आणलं. गोडी मात्र एकदम तोडली नाही, दर चार-पाच घाण्यांनी मध थोडा-थोडा कमी करत गेलो. जिभेला पत्ता लागला नाही.

‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य काढून टाकलं. पांढरी साखर नव्हती हे खरं, पण ते वाक्य प्रामाणिक नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मधालाही साखरेतच धरते. आता एका बारमध्ये एकूण साखर किती ग्रॅम, तेवढंच छापतो.

बाई हल्ली एकच बार घेतात. त्याचा फटका पहिल्या वर्षीच्या हिशेबात दिसला, नाही असं नाही. चारच्या सुमाराला खायचा बारही लोक मागतात, पण तो आम्ही अजून काढलेला नाही. त्या वेळी गोड मागणाऱ्यांशी बोललो, तर निम्म्यांची रात्रीची झोपच झालेली नसते, आणि त्यावरचा बार आमच्याकडे नाही.