पायच्या पारीला मोहन कुठलं?

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साताऱ्याच्या मंडईत स्वस्त झाली की पाय (इंग्रजी ‘pie’, म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचं सारण भरलेला ओव्हनमधला पदार्थ) करायची हुक्की येते आणि गाडी अडते ती पारीवर. आपल्या हाताला सवय करंजीची. कडकडीत तुपाचं मोहन मैद्यावर ओतायचं, मूठ वळून बघायची, झालं. पायला नेमकं उलटं करायचं असतं.

गरम मोहन पिठाच्या कणाकणाला माखतं. करंजी त्यानं खुसखुशीत होते, पण पदर सुटत नाहीत. पदर हवे असले की आपण पोळ्यांमध्ये साटा (तूप-पिठाचा लेप) लावतोच की! पायमध्ये साट्याचं काम पिठात राहिलेले थंड बटरचे तुकडे करतात. ओव्हनच्या आचेनं ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि पदर वर उचलले जातात. लाटतानाच बटर विरघळलं तर पारी कडक होते आणि तूप ट्रेमध्ये गळतं.

म्हणून पहिली पसंती बटरलाच. त्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. चव तर आहेच. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

घरचं लोणी चालतं, पण ताक राहिलेलं लोणी म्हणजे पारी चिवट झालीच समजा. गार पाण्यात तीन-चारदा धुऊन, दाबून पाणी काढा आणि फ्रीजमध्ये घट्ट करा.

साजूक तूप वापरायचं तर म्हशीचं, ते गाईच्या तुपापेक्षा घट्ट थिजतं. पाणी नसल्यानं १२० ग्रॅम बटरऐवजी ९५ ग्रॅम पुरे. पीठ मळताना मात्र चमचाभर पाणी जास्त. पदर कमी, खुसखुशीतपणा जास्त, साधारण नानकटाईच्या अंगानं.

वनस्पती तूप (डालडा) उन्हाळ्यात हाताळायला सोपं, कारण लवकर वितळत नाही. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी चवीला शून्य आणि टाळूला चिकटतं. एप्रिल-मे मध्ये ८० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम वनस्पती ही तडजोड बरी. तेलानं पदर येत नाहीत, विषय संपला.

आठ इंची साच्याला २०० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम बटर, ४ ते ५ मोठे चमचे बर्फाचं पाणी, चमचाभर लिंबूरस. बटर फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून किसणीवर किसा, बोटांच्या टोकांनी मैद्यात मिसळा. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे दिसत असतानाच थांबा. पाणी शिंपडून गोळा करा. मळू नका, तिंबू तर मुळीच नका. तासभर फ्रीजमध्ये ठेवा. लाटल्यावर पारीत पिवळसर ठिपके आणि रेघा दिसायला हव्यात. एकसारखी गुळगुळीत पारी दिसली, तर बटर पिठात जिरलं.

पारी ताणून साच्यात बसवली की भाजताना आकसते. सैल सोडा, कडेला दाबा, काट्यानं टोचा, पुन्हा वीस मिनिटं गार करा. बटर पेपरवर कच्चा राजमा पसरून २०० अंशांवर १५ मिनिटं, मग कागद काढून १० मिनिटं भाजा. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटतं. अर्ध्या किलोला तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर लावून, साखरेबरोबर आधी शिजवून, गार झाल्यावरच भरा. गरम सारण ओतलं तर बुड ओलं राहणारच, मग मोहन कुठलंही असो.