घुमटांची रांग सोडा, फांद्यांकडे बघा

विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर, सिंगापूरला यायचं आणि काचेच्या घुमटात एसी लावून जगवलेली भूमध्य समुद्राकाठची झाडं बघायला तिकीट काढून रांगेत ताटकळायचं, हे मला काही झेपलं नाही. मरिना बे एका संध्याकाळी उरकला, सेंटोसा बेटाबद्दल तर लिहिण्यासारखं काही नाही. सिंगापूरची बघण्यासारखी झाडं फुकट आहेत, फक्त मान वर करावी लागते.

चांगी विमानतळावरून ईस्ट कोस्ट पार्कवे या महामार्गाने शहरात शिरताना दोन्ही बाजूंचे पर्जन्यवृक्ष रस्त्यावर छत धरतात. झाड इथलं नव्हे, अमेरिका खंडातून 1876 मध्ये आणलेलं. पण मुंबईत पिठ्या ढेकूण या किडीने वाळलेले आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट चढवलेले पर्जन्यवृक्ष बघितलेल्या माणसाची नजर आधी बुंध्याकडेच जाते. इथे त्याच्याभोवती मातीची मोकळी पट्टी असते, तिच्यात गवत. संध्याकाळी आणि आभाळ दाटून आलं की पानं मिटतात, म्हणून पावसाचं पाणी थेट मुळांशी पोचतं.

झाड परदेशी असलं तरी त्याच्या अंगावरची वस्ती इथलीच आहे. आडव्या फांद्यांच्या खरबरीत सालीवर बर्ड नेस्ट फर्नचे टोपलीएवढे घेर बसलेले असतात. वरून पडणारा पाचोळा त्या टोपलीत साचतो, तिथेच कुजतो आणि तेच त्याचं खत. फर्न झाडाचा रस शोषत नाही, पण पाऊस प्यायला की भलताच जड होतो. फांदी आतून पोकळ असेल तर तिच्यासकट खाली येतो. शेजारी बाशिंगही दिसतं, तोही फर्नच. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळा सरला की त्याची हिरवी पानं वाळून जातात, इथे जवळजवळ बारमाही पाऊस असल्याने ते बराच काळ हिरवं राहतं.

मला सगळ्यात भावलं ते पांढरं कबुतर ऑर्किड. फुलं नसताना ते वाळक्या काटक्यांच्या जुडीसारखं दिसतं आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. दुपारी दणकून पाऊस होऊन हवा एकदम पाच-सहा अंशांनी उतरली की थांबलेल्या कळ्या वाढायला लागतात आणि साधारण नवव्या दिवशी सकाळी परिसरातली सगळी रोपं एकदमच फुलतात. मंद, गोड वास. संध्याकाळपर्यंत फुलं मान टाकतात. त्यामुळे ‘कोणत्या महिन्यात जाऊ?’ हा प्रश्नच फोल. शेवटचा मोठा पाऊस कधी झाला ते विचारा, दिवस मोजा आणि सकाळी लवकर बाहेर पडा.

पादचारी पुलांच्या कठड्यांवरची बोगनवेल बघून घरची कुंडी आठवून चडफडायला होतं. इथे एवढा पाऊस, तरी ती फुलते कशी? कठड्यावरचे वाफे उथळ असतात, पाणी चटकन निथळतं, मुळांची दाटी होते आणि ऊन दिवसभर. रोपाला ताण बसला की रंग येतो. मोठ्या कुंडीत रोज पाणी ओतलं की नुसता पाला माजतो.

बोटॅनिक गार्डन्स 1859 ची. प्रवेश मोफत, फक्त ऑर्किडच्या विभागाला तिकीट. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवरचा टेम्बुसू वृक्ष इथलाच.

लाल देठांचा लिपस्टिक पामही तिथे निवांत बघता येतो. तो मूळचा या भागातल्या दलदलीतला, मुळं कायम ओली लागतात. पुण्यात नर्सरीवाला ‘येतो की’ म्हणून गळ्यात मारेल, पण डिसेंबरात पारा दहा-बारावर आला की पानं करपतात. मुंबईत किंवा कोकणात, कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली तर जमू शकतो. बी रुजायला महिनोन्महिने लागतात आणि वाढ संथ, म्हणून भाव चढा. कोणी स्वस्तात देत असेल तर तो दुसराच पाम असण्याची शक्यता जास्त.