रोज तोच कांदा, तोच हिप-हॉपचा बीट

कांदा परतायला पाच मिनिटं लागतात असं जो कोणी रेसिपीत लिहितो ना, तो एक तर गॅससमोर कधी उभा राहिलेला नाही किंवा त्याला मऊ पडलेला कांदा आणि नीट तपकिरी झालेला कांदा यातला फरकच माहीत नाही. पाच मिनिटांत कांदा फक्त घाम सोडतो, बास. गडद रंग, तो गोडसर खरपूस वास, यायला अर्धा-पाऊण तास जातोच आणि त्याला इलाज नाही, कारण कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जातच नाही, आणि रंग-वास ज्यामुळे येतो ती मायार्ड रिॲक्शन (लुई कामी मायार्ड नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेली) जोर धरते साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी पाणी जाणार, मग रंग येणार. गॅस मोठा केला तर कडा जळतात आणि मधे कच्चं राहतं, मग परत कोणीतरी म्हणतं की कांदा कडू लागतोय.

मी त्यासाठी घड्याळ बघत नाही, अल्बम लावते. अमेरिकन हिप-हॉप रॅपर नाझचा 'इल्मॅटिक' यासाठी अगदी मापात आहे, १९९४ चा, १० ट्रॅक, सगळा मिळून ४० मिनिटांच्या जरासा आत. पहिल्या दोन-तीन ट्रॅकमधे कांदा नुसता भिजल्यासारखा दिसतो, मधल्या भागात काहीच होत नाहीये असं वाटतं आणि शेवटच्या काही मिनिटांत एकदम सगळं होतं, तेव्हा तिथून हलायचं नाही. फक्त आवाज कमी ठेवायचा हं. कारण कांदा सांगतो काय चाललंय ते. पाणी असतं तोवर ओला, जाड फसफस आवाज, पाणी संपत आलं की तो बारीक आणि कोरडा होत जातो, चरचर म्हणतो आपण तो, आणि एकदम शांत झाला की समजायचं आता करपणार. मोठ्याने बेस लावून स्वयंपाक करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे पण त्यांच्या कढईबद्दल काळजी वाटते.

आता मुद्दा असा की घरातले विचारतात, तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही का गं तुला. रोज तोच स्वयंपाक, तीच जुनी गाणी, आणि वर त्याच खिडकीचे, त्याच ओट्याचे फोटो. येतो ना कधीकधी. पण मला खरंच वाटतं की या तिन्ही गोष्टींत जी काही मजा आहे ती पुन्हा करण्यातच आहे, पहिल्यांदा करताना आपण फक्त धडपडत असतो, काय होतंय ते दिसायला लागतं ते नंतर.

हिप-हॉप तर जन्मालाच असं आलंय. ११ ऑगस्ट १९७३ ची ती पार्टी, जिथून हे सगळं सुरू झालं असं मानतात, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या बिल्डिंगची खालची रिक्रिएशन रूम, सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवीन कपड्यांसाठी पैसे हवे होते म्हणून तिने पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. (सिंडीचं नाव लोक विसरतात. पार्टी तिची होती, भाऊ नुसता रेकॉर्ड घेऊन आला होता!) हर्कच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती, लोक गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट बघतात, जिथे बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम उरतात, आणि ती जागा येते कधी नि संपते कधी कळत नाही. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर ठेवून ती जागा इकडून संपली की तिकडून परत सुरू करायचा प्रकार चालू केला. गायक नाही, कडवं नाही, फक्त ते काही सेकंद, परत परत. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश नावाच्या दुसऱ्या डीजेने रेकॉर्डवर चक्क क्रेयॉनने खुणा केल्या, म्हणजे परत नेमकं कुठे यायचं ते डोळ्यांनी दिसावं. मला हा क्रेयॉन फार आवडतो. सगळं शास्त्र एका रंगीत रेघेत.

आणि मग सॅम्पलर आले, म्हणजे रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा (सॅम्पल) साठवून परत परत वाजवणारी मशीनं. ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० नावाचं मशीन १९८७ मध्ये आलं, त्यात सगळे आवाज मिळून साधारण १० सेकंदांची जागा. दहा सेकंद! आपण फोनवर यापेक्षा जास्त तर हॅलो हॅलो करण्यात घालवतो. तर पोरांनी काय केलं, ३३ च्या स्पीडची (मिनिटाला तेवढे फेरे) रेकॉर्ड ४५ वर लावली, म्हणजे आवाज भरभर जाऊन कमी जागेत बसला, आणि मशीनमधे घेतल्यावर परत हळू केला. त्यात आवाजाची क्वालिटी पडली, खरखर आली, जाडेभरडेपणा आला. आणि आज ज्या आवाजाला लोक 'नाइन्टीजचा वॉर्म साउंड' म्हणून डोळे मिटून दाद देतात त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे. आता कॉम्प्युटरमधे ती खरखर मुद्दाम घालायची छोटी सॉफ्टवेअर, प्लगइन, विकत मिळतात, याच्यावर हसावं की काय कळत नाही.

पण पुन्हा करणं म्हणजे मशीनसारखं करणं नाही, इथे मला जे डिला आठवतो. डेट्रॉइटचा हिप-हॉप बीट बनवणारा, २००६ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी गेला, त्याचं एमपीसी मशीन (हाही एक सॅम्पलरच) आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममधे ठेवलंय. एमपीसीमधे एक सोय असते, तुम्ही बटण थोडं पुढेमागे दाबलं तरी मशीन तो ठोका उचलून बरोब्बर मापावर नेऊन ठेवतं. डिला ती सोय बऱ्याचदा बंद ठेवायचा किंवा मोडून वापरायचा, एक आवाज काटेकोर, दुसरा केसभर आधी, तिसरा किंचित ओढलेला. लोक म्हणतात तो सैल वाजवायचा, मला नाही पटत, सैल वाजवणं सोपं आहे हो, प्रत्येक वेळी नेमकं तेवढंच सैल वाजवणं अवघड आहे. चिमटीने मीठ टाकणारी माणसं असतात ना घरात, ज्यांना विचारलं किती टाकलंस तर 'अंदाजाने' एवढंच म्हणतात, आणि त्यांचा अंदाज वर्षानुवर्षं चुकत नाही, तसलं काहीतरी. मीठावरून आठवलं, कांद्यात मीठ सुरुवातीलाच टाका, पाणी लवकर सुटतं. शेवटी टाकायचं काही कारण नाही.

फोटोग्राफीत पुन्हा करण्याचा माझा देव म्हणजे योसेफ सुदेक. प्राग शहरातला माणूस, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला, तरी एका हाताने मोठमोठे कॅमेरे वागवायचा. १९४० ते १९५४ एवढी वर्षं त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. तीच खिडकी. कधी काचेवर बाष्प, कधी थेंब, कधी बर्फ, बाहेर एक वाकडंतिकडं झाड. खिडकीच्या कठड्यावर पाण्याचा ग्लास, अंडं, पावाचा तुकडा असलं काहीतरी. सुरुवातीची वर्षं तर युद्धाची होती, नाझींच्या ताब्यातलं शहर, कॅमेरा घेऊन बाहेर फिरणं सोपं नव्हतं, हेही कारण होतंच. पण युद्ध संपल्यावरही तो खिडकीपाशीच राहिला की नाही, मला तो भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

ते फोटो बघितल्यापासून मी प्रवासातले फोटो काढायचं जवळजवळ सोडलंय, ओट्याशेजारची खिडकी पुरते. आणि कोणी विचारलं की स्वयंपाकघरात चांगले फोटो कसे येतात तर पहिलं उत्तर, वरचा दिवा बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा पिवळा, दोन्ही एकत्र पडले की कॅमेऱ्याला कळत नाही पांढरं कशाला म्हणायचं आणि भाताला आजारी रंग येतो. एकच उजेड ठेवा, तोही बाजूने. वाफ हवी असेल फोटोत तर उजेड भांड्याच्या मागून यायला पाहिजे आणि वाफेच्या मागे काहीतरी गडद, दाराचा अंधारा कोपरा, काळं कापड, काहीही, कारण पांढऱ्या भिंतीसमोर वाफ दिसतच नाही. आणि प्लीज ते वरून काढायचं बंद करा, प्रत्येक ताट वरून सारखंच दिसतं, नकाशा काढल्यासारखं.

अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनची ढोबळी मिरची बघा. १९३० चा फोटो, नाव 'पेपर नं. ३०'. म्हणजे आधीच्या २९ आहेत! एक साधी वेडीवाकडी मिरची, त्याने ती पत्र्याच्या फनेलच्या तोंडात ठेवली, फनेलच्या आतून उजेड सगळीकडून परत मिरचीवर येत होता, आणि ती मिरची मिरची राहिलीच नाही, कोणाला पाठ दिसते कोणाला मिठी मारलेली दोन माणसं. हजार वेळा बघितलाय तो फोटो. आणि नंतर वेस्टनने त्या मॉडेल मिरच्या खाऊन टाकल्या, डायरीत त्याने त्याबद्दल लिहूनही ठेवलंय. बरोबर आहे, टाकायच्या कशाला.

आणि हे सगळं एकत्र येतं असा एक फोटो म्हणजे फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सचा १९९८ चा. आधी १९५८ मध्ये आर्ट केन नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका घराच्या पायऱ्यांवर ५७ जॅझ वाजवणारे उभे करून फोटो काढला होता, एस्क्वायर मासिकासाठी. केन तेव्हा धड फोटोग्राफरही नव्हता, आर्ट डायरेक्टर होता. रस्त्यावरची पोरं येऊन फुटपाथच्या कडेला बसली, काउंट बेसी दमून त्यांच्याशेजारी बसला, तसाच फोटो निघाला. मग चाळीस वर्षांनी एक्सएक्सएल या हिप-हॉपच्या मासिकाने हिप-हॉपवाल्यांना त्याच पायऱ्यांवर बोलावलं, १५० च्या वर लोक आले, एका घरात मावेनात म्हणून शेजारच्या पायऱ्याही भरल्या, आणि कॅमेऱ्यामागे ८५ वर्षांचे पार्क्स. फ्रेम जुनी, माणसं नवी. याला सॅम्पल नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

अर्थात दुसऱ्याचं परत वापरण्यात हिशेबही येतो, तो सगळ्यांना सारखा लागत नाही. अमेरिकेत रेसिपीतली नुसती सामानाची यादी कॉपीराइटमधे येत नाही, फोटो मात्र येतो, आणि गाण्याच्या तुकड्याचं तर १९९१ मध्ये कोर्टात असं झालं की जजने निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली, तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं महागात पडायला लागलं आणि एका गाण्यात वीस-वीस तुकडे जोडायचा काळ संपला. मला त्या काळाचं वाईट वाटतं आणि त्याच वेळी ग्रेगरी कोलमनचंही वाटतं. १९६९ मध्ये द विन्स्टन्स बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात त्याने सहा-सात सेकंद ड्रम वाजवला, तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला त्याचा एक पैसाही मिळालेला नव्हता. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींशी भांडत असतात, मी मधे पडत नाही.

रेसिपी मात्र बिनधास्त उचला. माझ्याकडे आहे ती कांद्याची पद्धत कोणाची तरीच आहे, तिच्याही आधी कोणाची तरी असेल. फोटोचं म्हणाल तर घरातल्यांचा पेशन्स दोन क्लिकपुरता असतो, तिसऱ्याला कोणीतरी 'अगं जेवू दे ना' म्हणत फ्रेममधे हात घालतं आणि चमचा उचलतं, हात हलल्यामुळे तो भुरकट येतो, वाफ मोडते. तसले फोटो आता मी डिलीट करत नाही. एक वेगळा फोल्डरच झालाय त्यांचा, आणि खरं सांगू का, नीट फोकसवाल्यांपेक्षा तोच जास्त वेळा उघडला जातो.