व्हेगसला गाडीने जाताय? आधी पार्किंगचं बघा

आई-बाबा सांगलीहून आलेत, त्यांना घेऊन मागच्या आठवड्यात अर्वाइनहून व्हेगस आणि ग्रँड कॅनियन करून आलो. काल रात्री पोचलो, पाय दुखतायत, डोकं अजून तापलेलंच आहे, पण आत्ता नाही लिहिलं तर राहून जाईल. कॅनियनचे दोन दिवस मस्त गेले, गरम कपडे न्या, बाकी काही नाही.

मी २०१३ ला शिकत असताना मित्रांबरोबर गेलेलो तेव्हा स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, कुठल्याही कॅसिनोत गाडी घाला, दिवसभर ठेवा, कोणी विचारायचं नाही. यावेळी निघायच्या आधी ज्याला ज्याला विचारलं तोही हेच म्हणाला, "अरे व्हेगसला पार्किंग फुकट असतं." नसतं! २०१६ च्या जूनपासून एमजीएम या हॉटेल कंपनीने पैसे घ्यायला सुरुवात केली, मागून सीझर्स ही दुसरी कंपनी आली, आणि इतकी वर्षं फुकट ठेवणारं व्हेनेशियन हॉटेलसुद्धा २०२३ पासून घेतं. जुन्या माहितीवर जाऊ नका.

दुसरी फसगत बुकिंगची. १२ मे २०२५ पासून रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्यावर हॉटेल सक्तीने लावतं ती फी) पहिल्याच दरात धरून दाखवावी लागते असा नियम झालाय, म्हणून मी निर्धास्त होतो. पण पार्किंग त्यात धरत नाहीत, कारण ते म्हणे ज्याला हवं त्याने घ्यायचं. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन चार-साडेचार तास गाडी चालवत आलेला माणूस गाडी कुठे ठेवणार? चेक-इनला काउंटरवर कळलं, रात्रीचे २० डॉलर वेगळे.

संध्याकाळी बेलाजियो हॉटेलसमोरची कारंजी दाखवायला म्हणून जवळच्या दुसऱ्या एका हॉटेलात गाडी लावली. कंपनी वेगळी, त्यामुळे आमचं भरलेलं पार्किंग तिथे चालत नाही. पहिला तास फुकट होता. पण गाडी गॅरेजच्या चौथ्या मजल्यावर, तिथून लिफ्ट, मग जुगाराच्या मशीनच्या रांगांमधून सिगरेटच्या धुरातून वळसे घेत रस्त्यावर यायलाच वीस मिनिटं गेली, आईचे गुडघे वेगळेच. कारंज्याचे दोन शो बघून परत गेटवर आलो तर एक तास बारा मिनिटं. १८ डॉलर. वरच्या बारा मिनिटांचे!

आणि सगळ्यात वाईट शेवटच्या दिवशी, आमच्याच हॉटेलात. अकराला चेकआऊट केलं, बॅगा ठेवल्या, तिथेच जेवलो, दीडला गाडी काढली. गेटला रूमचं कार्ड घातलं तर लाल दिवा. उलटं घातलं, शर्टाला पुसून घातलं, दांडा हलेना. मागे पाच गाड्या, त्यातल्या एकाने हॉर्न दाबूनच धरलेला. बाबा मागून म्हणतायत "अरे उतरून सांग ना त्यांना", पण सांगणार कोणाला, तिथे माणूसच नाही, नुसतं एक बटण. बटण दाबल्यावर आतून बाई म्हणाली चेकआऊट झालं की कार्ड बंद, आजचे पूर्ण दिवसाचे पैसे भरा. भरले, दुसरं करणार काय. पावती घेतली होती म्हणून नंतर फोन केला, परत देतो म्हणालेत, अजून आले नाहीत.

तर जाणाऱ्यांनी हे करा. बुकिंगआधी हॉटेलच्या साइटवर पार्किंगचं पान उघडून दर बघा आणि रूमच्या दरात मिळवून मगच तुलना करा. चेक-इनला दोन गोष्टी विचारा, त्याच कंपनीच्या दुसऱ्या हॉटेलात हे पार्किंग चालतं का आणि शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत. गाडी गेटबाहेर काढल्याशिवाय चेकआऊट करू नका. स्ट्रिपवर फिरायला गाडी हलवूच नका, स्ट्रिपवरून जाणारी ड्यूस नावाची बस चोवीस तास असते, मँडले बे ते एक्सकॅलिबर या हॉटेलांमधली ट्राम फुकट आहे. मोनोरेलची स्टेशनं मात्र कॅसिनोंच्या पार मागच्या बाजूला, चालण्यातच जीव जातो, म्हाताऱ्या माणसांना घेऊन अजिबात नको.

गाडी फुकटच ठेवायची असेल तर साउथ पॉइंट हॉटेलला राहा, लांब आहे दक्षिणेला, पण पुढच्या वेळी मी तिथेच उतरणार. आणि व्हेगसजवळच्या, नेवाडा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरच्या हूवर डॅमला नेवाडाच्या बाजूच्या गॅरेजला १० डॉलर घेतात, पण डॅमवरून पुढे अ‍ॅरिझोनात गेलात की फुकट जागा आहेत, फक्त परत चालत यावं लागतं, त्यामुळे आई-बाबांना आधी डॅमपाशी उतरवा आणि मग गाडी लावायला जा.