सातबारा पाहिला का?

बुधवारी नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेत वचनाचा अभ्यास मी घेते, म्हणून बहुधा हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. "ताई, देवाची इच्छा नेमकी कळते कशी? तुम्हाला आवाज येतो का?" आवाज मला कधीच आला नाही. एकदा आल्यासारखा वाटला, आणि त्याची किंमत पन्नास हजार रुपये पडली. तुम्ही विचारलंत म्हणून तेच सांगते.

मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा तो मोठा प्रकल्प, येणार म्हणून वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना जमिनींचे भाव रोज वर चढत होते, त्या दिवसांतली गोष्ट. रविवारी उपासना सुटल्यावरही गप्पा ले-आउटच्याच. बुटीबोरीच्या अलीकडे एक प्लॉट आम्हाला दाखवण्यात आला. मी तीन दिवस उपास-प्रार्थना केली आणि चौथ्या दिवशी डोळे मिटून बायबल उघडलं. बोट पडलं यहोशवाच्या पहिल्या अध्यायावर. जिथे जिथे तुमचं पाऊल पडेल ती जागा मी तुम्हाला दिली आहे, असं देव तिथे इस्राएलाला सांगतो. आदल्याच आठवड्यात मी त्या प्लॉटवर चालून आले होते! आणखी काय हवं होतं? पुढच्या बुधवारी मी सभेत साक्षसुद्धा देऊन टाकली.

घरात एकट्या सासूबाईंनी विचारलं, "सातबारा पायला का व?" त्या उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या. वाचता जेमतेम येई, पण जमिनीचे कागद त्यांना बरोबर कळत. मी चिडले. देवाने वचन दिलंय आणि यांना तलाठ्याचा कागद हवा! त्या म्हणाल्या, "देवानं सांगतलं म्हनतं ना, मंग कागद पाहाले काहून भेतं?"

मी उत्तर दिलं नाही, इसार दिला. सातबारा निघाला तो महिन्याभराने. जमीन शेतीचीच होती, एन.ए., म्हणजे बिगरशेती, झालेलीच नव्हती. मालक म्हणून चार भावंडांची नावं, त्यातला एकच आमच्याशी बोलत होता. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. पैसे गेले ते गेलेच.

त्यानंतर पुष्कळ महिने मी नव्या करारातलं याकोबाचं पत्र वाचत होते. कोणाला ज्ञान कमी पडत असेल तर त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो, हे पहिल्या अध्यायातलं वचन आपल्या सगळ्यांना पाठ असतं. ते तिसऱ्या अध्यायासोबत वाचायचं असतं हे मला फार उशिरा कळलं. तिथे याकोब वरून येणाऱ्या ज्ञानाची ओळख सांगतो : शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, आणि 'समजूत होण्याजोगे'. या शेवटच्या शब्दावर मी अडकले. मूळ ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. दुसऱ्याचं ऐकून घेणारं, असा त्याचा अर्थ. माझं 'दर्शन' तर एका म्हातारीचा एक प्रश्नही ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून तिच्यावरच्या दहिवरातून देवाकडे खूण मागितली होती. ती लोकर पुढे करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एवढंच म्हणते, की लोकर खळ्यात पसरण्याआधीच काय करायचं ते देवाने त्याला सांगितलेलं होतं. शलमोन राजाचं उदाहरण जास्त उपयोगी पडतं. गिबोनात त्याने ज्ञान मागितलं. इब्रीत त्याचे शब्द आहेत 'ऐकणारं हृदय'. आणि लगेच पुढची गोष्ट कोणती, तर एका बाळावरून भांडणाऱ्या दोन बायकांची. आकाशातून वाणी झाली नाही. दोघींचं म्हणणं त्याने ऐकलं आणि खरी आई स्वतःच पुढे येईल अशी युक्ती केली. (हाच शलमोन म्हातारपणी घसरला. ज्ञान एकदा मिळालं की बँकेतल्या एफडीसारखं राहत नाही.)

शाळेत माझ्यासोबत शिकवणारी एक कॅथलिक मैत्रीण होती. तिने मला संत इग्नाशियसची गोष्ट सांगितली. तो आधी स्पेनमधला शिपाई. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी शूर सरदाराची स्वप्नं रंगवी, कधी संतांची चरित्रं वाचून तसं जगायचं ठरवी. त्या वेळी दोन्ही गोडच वाटत. फरक नंतर पडे. पहिल्याने मन कोरडं होई, दुसऱ्याचा आनंद टिकून राही. "नंतर काय उरतं ते बघत जा," ती म्हणे. प्लॉटच्या वेळी माझ्याजवळ काय उरत होतं ते मला चांगलं आठवतं : घाई. दुसरं कोणी घेईल, ही धास्ती. रात्री दोनला उठून हिशेब.

म्हणून आता रात्री झोपण्याआधी दिवसाकडे एकदा मागे वळून बघते, पाचेक मिनिटं. कुठे घाई झाली, कुणाचा प्रश्न टोचला. बहुतेक दिवशी सापडतं ते क्षुल्लकच असतं, सुनेला तोडून बोललेलं एखादं वाक्य वगैरे. पण मोठा निर्णय समोर आला की हीच सवय कामी येते. आणि ज्याच्या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे मी मुद्दाम दुसऱ्यांदा जाते. सासूबाई होत्या तोवर हे सोपं होतं.

'सर्व गोष्टींची पारख करा' असं प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो. इतवारीच्या सराफ्यात आपण बांगडी दिली की सराफ ती कसोटीवर घासतो, तेव्हा आपल्याला अपमान वाटत नाही. प्रार्थनेतून आलेल्या गोष्टीला कोणी कस लावला की मात्र वाटतो.

मागच्या बुधवारी एक मुलगी सभा संपल्यावर थांबली. कामठीचं स्थळ आलंय. मुलगा चांगला, उपासना चुकवत नाही, तिला दोनदा स्वप्नही पडलंय. "ताई, ही देवाची इच्छा असेल ना?"

मी विचारलं, "त्यांच्या घरी जाऊन आलीस?"

"नाही अजून."

तिच्या चेहऱ्यावर जरा राग दिसला. मी ओळखते तो. या रविवारी आम्ही दोघी कामठीला जाणार आहोत.